रोज दोन वेळ पाणी, तरी रोपं आडवी का पडतात?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रोडला चौदाव्या मजल्यावर राहते. बाल्कनी पश्चिमेची आहे. एप्रिलमध्ये टोमॅटो, मिरची आणि मेथीचं बी कुंड्यांत पेरलं. नर्सरीतून लाल मातीच्या गोण्या आणल्या होत्या, त्यात थोडं शेणखत घातलं. उगवण छान झाली, पण रोपं दोन-तीन इंचांची झाली की बुडाशी बारीक होतात आणि आडवी पडतात. मिरचीची थोडी रोपं जगली आहेत, पण त्यांची खालची पानं पिवळी पडतायत आणि दुपारी ती मान टाकतात. स्टेशनजवळून आणलेला मोगराही खुरटलाय. सासूबाई साताऱ्याकडच्या. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ पाणी हवंच असं त्यांचं म्हणणं, आणि त्या ते न चुकता घालतात. शेजारी म्हणतात, माती टाकून द्या, नुसतं कोकोपीट (नारळाच्या सोडणांचा भुसा) वापरा. दुकानात तयार पॉटिंग मिक्सच्या पिशव्याही दिसतात, त्यातली कुठली घ्यावी कळत नाही. पावसाळा तोंडावर आलाय. काय करू?

उत्तर : ताई, आधी जगलेल्या मिरच्यांचं बघू, कारण त्यांना थांबायला वेळ नाही. आज संध्याकाळचं पाणी घालू नका. उद्या सकाळचंही नको. कुंडीत बोट खुपसून बघा, दोन पेरं आत जाईल इतकं. वरची माती पांढुरकी आणि भेगाळलेली दिसत असली, तरी आत ती गार आणि चिकट लागेल याची मला जवळजवळ खात्री आहे. बोट बाहेर काढून वास घ्या. कुबट, आंबूस वास आला तर मुळं गुदमरायला लागली आहेत.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात त्यांतल्या काहींत पाणी आणि काहींत हवा राहिली तर रोप सुखात असतं. सगळ्याच पोकळ्या पाण्याने भरल्या आणि दिवसचे दिवस तशाच राहिल्या, की बारीक पांढरी मुळं कुजतात. पाणी वर चढवण्याचं काम हीच मुळं करतात. त्यामुळे चिंब मातीत उभं असलेलं रोप तहानेने मान टाकल्यासारखं दिसतं. आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी एक तांब्या ओततो. माझ्या पाहण्यातली कुंडीतली बहुतेक रोपं उन्हाने गेलेली नाहीत, ती या फेऱ्यात गेली आहेत.

मग खरी तहान ओळखायची कशी? दुपारी दोन वाजता बघून काही ठरवू नका. पश्चिमेच्या उन्हात चांगलं निरोगी रोपही पानं सैल सोडतं आणि ऊन उतरलं की सावरतं. सकाळी सातला बघा. तेव्हाही मान खाली असेल आणि माती दोन पेरं आत कोरडी असेल, तर ते तहानलेलं आहे. मान खाली आणि माती ओली असेल, तर ते बुडतंय. दुसरी खूण वजनाची. छोटी कुंडी पाणी घातल्यावर एकदा उचलून बघा, दोन दिवसांनी पुन्हा उचला. चार-पाच वेळा असं केलंत की हाताला आपोआप कळायला लागतं. बी रुजवायच्या छोट्या कपांसाठी तर बोटापेक्षा हीच परीक्षा खरी, कारण तिथे बोट घातलं की मुळंच दुखावतात.

सासूबाई चुकीचं सांगत नाहीत. त्या जमिनीबद्दल सांगतायत. अंगणातल्या आळ्यात ओतलेलं पाणी खाली खाली ओढलं जातं, गांडुळांनी माती पोकळ केलेली असते, मुळांना हवं तिकडे जाता येतं. तिथे उन्हाळ्यात दोन वेळ पाणी घातलं तरी बिघडत नाही. कुंडीला मात्र तळ असतो, आणि सगळा फरक तिथे पडतो. एक प्रयोग करून बघा, सासूबाईंनाही दाखवा. भांडी घासायचा नवा स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज हळूच उभा करा. पुन्हा पाणी गळायला लागेल. पाणी खाली उतरायला उंची लागते. कुंडीच्या अगदी तळाशी, भोकं मोकळी असली तरीही, न निथळणारा ओला थर राहतोच. कुंडी बसकी असेल तर त्या थराचा वाटा मोठा होतो, आणि माती जितकी बारीक तितका तो थर जाड. तळाशी दगड-खडीचा जाड थर द्यायची पद्धत आहे, तिचा इथे उपयोग होत नाही. पाणी बारीक मातीतून मोठ्या खडीत सहज उतरत नाही, ते वरच अडतं. म्हणजे ओला थर तेवढा वर, मुळांच्या आणखी जवळ सरकतो. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचा कपटा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी सगळी उंची मातीला द्या.

आता माती. नर्सरीत मिळणारी लाल माती वाईट नसते. लोहाच्या ऑक्साइडने तांबडी झालेली ही माती डोंगरउतारावर असते तेव्हा पाऊस झेलते आणि वाहून जाऊ देते. कुंडीत भरली की प्रत्येक पाण्याबरोबर तिचे बारीक कण खाली बसत जातात, पोकळ्या बुजतात, आणि महिन्या-दोन महिन्यांत ती विटेसारखी आवळते. वर साय धरते, वाळली की कडेने कुंडी सोडते, मग ओतलेलं पाणी त्या फटीतून थेट ताटलीत. आपल्याला वाटतं खालून पाणी आलं, पोटभर झालं. वर चौदाव्या मजल्याचा वारा. तो वरचा अर्धा इंच काही तासांत वाळवतो आणि खालचं तसंच ठेवतो, म्हणून दिसण्यावरून तुमची आणि सासूबाईंची फसगत होते. शिवाय वजन. १२ इंची कुंडीत साधारण १५ लिटर माती मावते. नुसती ओली लाल माती भरली तर ती एक कुंडी २५ किलोच्या घरात जाते. बाल्कनीत अशा दहा कुंड्या ओळीने मांडायच्या असतील तर याचा विचार करायला हवा.

म्हणून माझं सांगणं असं : लाल माती टाकू नका, पण तिचा वाटा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त ठेवू नका. वाढत्या मिरचीसाठी एक भाग लाल माती चाळून, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत. मोजायला एकच डबा घ्या, वजन करू नका. त्यात १२ इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, आणि मिळालं तर दोन-तीन मुठी पर्लाइट (माती मोकळी ठेवणारे पांढरे, हलके दाणे) किंवा भाताचं तूस. तूस स्वस्त पडतं, माती मोकळी ठेवतं आणि सावकाश कुजतं. रेती घालायचा मोह झाला तर जपून. आपल्याकडे खाडीची रेती असण्याची शक्यता असते आणि ती खारट असते. बांधकामावरची दगडाची भुकटी तर सिमेंटसारखी बसते. ती नकोच.

हात सढळ असेल, म्हणजे घरात दोन माणसं पाणी घालणारी असतील, तर तुसाचं प्रमाण वाढवा आणि प्लास्टिकऐवजी मातीची कुंडी घ्या. तिच्या अंगातून पाणी उडून जातं. तुम्ही दोघी दिवसभर कामावर असाल आणि पाणी विसरत असाल, तर कोकोपीट थोडं जास्त आणि कुंडी प्लास्टिकची. सगळ्यांना लागू पडेल असं एकच मिश्रण मला सांगता येणार नाही. पाणी कोण आणि कसं घालतं त्यावर माती ठरवावी लागते, म्हणून माती आणि पाणी हे प्रश्न मी वेगळे धरत नाही.

शेजाऱ्यांच्या कोकोपीटबद्दल. नारळाच्या सोडणाचा हा भुसा पाणी धरतो, हवाही धरतो, हलका असतो. बी रुजवायला उत्तम. पण त्यात रोपाचं जेवण जवळजवळ नसतं, म्हणून नुसत्या कोकोपीटमध्ये रोपं सुरुवातीला तरारतात आणि मग पिवळी पडून थांबतात. दुसरं, त्यात मीठ असू शकतं. किनाऱ्याकडच्या सोडणांत, विशेषतः खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या, क्षार राहतात. ६५० ग्रॅमची वीट बादलीत तीन-चार लिटर पाण्यात भिजवली की आठ-नऊ लिटर भुसा होतो. तो जुन्या ओढणीत बांधून पिळा, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. निदान दोन-तीन पाण्यांतून काढा, पहिल्या पाण्याचा चहासारखा रंग बराच फिका होईपर्यंत. तिसरं, कोकोपीट एकदा खडखडीत वाळलं की पाणी झिडकारतं, वरून ओतलेलं नुसतं बाजूने निघून जातं. तसं झालं तर कुंडी अर्धा तास पाण्याच्या टबमध्ये बसवा आणि वरचा रंग गडद झाला की उचला.

तयार पिशवी घ्यायची तर तिच्यावर काय छापलंय यापेक्षा आत काय आहे ते बघा. किलोवर विकली जाणारी पिशवी ओली असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय, म्हणून लिटरमध्ये माप लिहिलेली बरी. उघडून वास घ्या. पावसाच्या पहिल्या सरीनंतर येतो तसा वास हवा. नाकात झणझणणारा किंवा आंबट वास असेल तर खत अजून कुजतंय, ते कोवळी मुळं जाळतं. मग एक मूठ किंचित ओली करून दाबा आणि हात उघडा. गोळा झाला पाहिजे, आणि बोट लावताच तो फुटला पाहिजे. गोळाच होत नसेल तर पाणी धरणार नाही, बोटाने फुटत नसेल तर पुन्हा लाल मातीचीच गत. ही मुठीची परीक्षा घरी बनवलेल्या मिश्रणालाही लावा.

आता पडलेल्या रोपांविषयी. बुडाशी, मातीच्या रेषेवर खोड दोऱ्यासारखं बारीक आणि तपकिरी होऊन रोप कोलमडतं, याला रोपांची मर म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशीवर्गीय जीवांमुळे ती होते, आणि सतत ओली, कोंदलेली, कच्च्या खताची माती त्यांना मानवते. पडलेलं रोप उठत नाही, त्याच्यावर काही फवारू नका. ते मुळासकट काढा आणि कचऱ्यात टाका, दुसऱ्या कुंडीत नको. उरलेली दाटीने उभी असतील तर विरळ करा, दोन रोपांतून वारा खेळला पाहिजे. विरळ करताना उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात. कात्रीने बुडाशी कापा.

पुढच्या वेळी बी पेराल तेव्हा कुंडीत न पेरता छोट्या कपांत पेरा. तीन भाग धुतलेलं कोकोपीट आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत, चिमूटभर ट्रायकोडर्मा पावडर (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं. शेणखत या टप्प्यावर नको आणि लाल मातीही नको. कप जुने असतील तर साबणाने घासून उन्हात वाळवा. बी त्याच्या जाडीच्या दुप्पट खोल. उगवेपर्यंत वर ओल टिकवा, फवाऱ्याने. पहिली दोन गुळगुळीत पानं येतात ती बीजपत्रं. त्यानंतर मिरचीची खरी पानं दिसली की फवारा बाजूला ठेवा आणि कपाची वरची माती वाळू देऊन मगच पाणी घाला, शक्यतो खालून. कप एका ताटलीत पंधरा मिनिटं ठेवा आणि उरलेलं पाणी ओतून टाका. मुळं पाण्याच्या शोधात खाली जातात आणि खोडाचं बूड कोरडं राहतं, मरीला वाव मिळत नाही. कपातून थेट १२ इंची कुंडीत नेऊ नका. इवल्याशा मुळांना एवढी ओली माती पिऊन संपवता येत नाही. आधी चार इंची, मग आठ, मग बारा.

मोठ्या रोपाला पाणी घालायचं तेव्हा मन लावून घाला, एरवी नाही. सावकाश, सगळीकडून, खालच्या भोकातून थोडं वाहेपर्यंत. मग थांबा, आणि वरची दोन पेरं कोरडी होईपर्यंत पुन्हा तांब्या उचलू नका. रोज घोटभर पाणी दिल्याने मुळं वरच्या वर राहतात, आणि तोच थर तुमच्या बाल्कनीत सगळ्यात आधी तापतो. वेळ सकाळची. मे महिन्यात संध्याकाळी चारला गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हात भाजेल इतकं गरम असतं, ते मुळांवर ओतू नका, बादलीत निवू द्या. आरओ यंत्राचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरा, कुंड्यांना नको, त्यात क्षार साठलेले असतात. दूध-साखरेच्या चहाचा चोथा आणि तांदळाचं धुवणही कोवळ्या रोपांना नको. मुंग्या आणि मातीवर घोंघावणारी चिलटं येतात.

मोगऱ्याचं दुखणं वेगळं आहे. हातगाडीवरची बरीच रोपं चिकणमातीच्या घट्ट गोळ्यात येतात. प्रवासात तो गोळा टिकतो म्हणून विकणाऱ्याला सोयीचा असतो. तो तसाच नव्या भुसभुशीत मातीत बसवला की पाणी सोपा रस्ता धरतं, गोळ्याच्या बाजूने निथळतं आणि आत मुळं कोरडी राहतात. ढगाळ दिवस बघून मोगरा कुंडीतून काढा, गोळा अर्धा तास पाण्यात भिजवा, आणि बाहेरची चिकणमाती बोटांनी हलकेच सोडवा. बाहेरचा एक थर निघाला तरी पुरे, मधला भाग फोडू नका. मग नव्या मिश्रणात लावा, फांद्या थोड्या छाटा, आणि आठवडाभर थेट उन्हातून बाजूला ठेवा. याला जूनचे पहिले दिवस फार चांगले.

पावसाचं म्हणाल तर मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून. ठाण्याचं वेगळं काही नसतं. तुमच्या पश्चिमेच्या बाल्कनीत पाऊस तिरका आत येईल. कुंड्या विटांवर चढवा म्हणजे भोकं फरशीला चिकटणार नाहीत. ताटल्या पूर्ण काढून टाका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. खालच्या मजल्यावरच्यांच्या कपड्यांवर गाळ पडू नये म्हणून कुंड्या कठड्यापासून आत घ्या. जुलैत हवाच इतकी दमट असते की पानांतून पाणी फारसं उडत नाही. पाऊस न लागणाऱ्या कुंडीलाही तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी पुरतं. पण ते बोट सांगेल, कॅलेंडर नाही.

टोमॅटो आणि मेथीचा नाद मात्र आता सोडा, असं मी मनापासून सांगेन. भर पावसात टोमॅटोवर करपा येतो आणि मेथी सडते. टोमॅटोचं बी सप्टेंबरमध्ये पेरा, मेथी ऑक्टोबरात, थंडीभर तोडाल. मिरची आत्ता चालेल.

आणि सासूबाईंच्या दोन वेळच्या पाण्यासाठी अळू लावा. बाल्कनीतलं हे एकच झाड असेल ज्याला त्यांची सवय खरोखर मानवेल. उरलेली लाल माती त्यातच वापरा. फुटकी बादली किंवा जुना टब घ्या, बुडाला दोन-तीनच भोकं पाडा, दोन भाग लाल माती आणि एक भाग शेणखत भरा. ओल धरणारी जड माती अळूला आवडते. वड्या करायच्या असतील तर काळ्या देठाचा घ्या, फतफत्याला हिरव्या देठाचाही चालतो. गड्डा दोन-तीन इंच खोल पुरा आणि टब बाल्कनीच्या आतल्या कोपऱ्यात ठेवा, दुपारचं कडक ऊन लागलं की पानांच्या कडा जळतात. पानं मोठी व्हायला लागली की बाहेरची जुनी आधी काढा, मधली गुंडाळी उलगडेपर्यंत तिला हात लावू नका, आणि महिन्यातून एकदा वर मूठभर गांडूळखत पसरा.